नेपाळचे मोबाइल पॅक आणि किराणा: १.६ ने भागूनही हिशेब का जुळत नाही?

खर्चवही: काठमांडूत सहा महिने राहणाऱ्यांसाठी खर्चाचा तक्ता करतोय. नेपाळ टेलिकॉम आणि एनसेल या तिथल्या मोबाइल कंपन्यांच्या पॅकचे भाव १.६ ने भागले आणि आपल्या २८ दिवसांच्या ₹२९९ च्या रिचार्जशेजारी मांडले. कधी नेपाळ स्वस्त दिसतं, कधी दीडपट महाग. किराण्याचंही तेच. चूक कुठे होतेय?

हिशेबनीस: भागाकार बरोबर आहे. १९९३ पासून १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी हा दर बांधलेला आहे, डॉलर कुठेही जावो. घोळ कराचा आहे. आपल्या ₹२९९ मध्ये १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, म्हणजे मूळ सेवा ₹२५३.३९ ची. नेपाळमध्ये आधी दूरसंचार सेवा शुल्क आणि मग त्या बेरजेवर १३ टक्के व्हॅट, म्हणजे करावर कर. त्यामुळे तिथला भाव लिहून घेताना खालची ओळ वाचा: ‘कर सहित’ की ‘कर बाहेक’. ‘बाहेक’ म्हणजे वगळून. बहुतेकांचा तक्ता याच शब्दावर फसतो.

रेंजवाला: शिवाय दोन्हीकडचा पॅक ही एकच वस्तू नाही. आपल्याकडे रोज १.५ जीबी, कॉल अमर्याद. कागदावर २८ दिवसांचे ४२ जीबी, म्हणजे जीबीला ₹७.१२. पण रोजचा उरलेला डेटा रात्री बारा वाजता बुडतो. महिन्याला खरोखर १२ जीबीच लागत असतील तर तोच दर जवळपास ₹२५ होतो (कॉल त्यातच आले, हे खरं). नेपाळमध्ये डेटाचा पॅक वेगळा आणि कॉलचा वेगळा घ्यायची पद्धत अजून बरीच आहे. आपल्याकडे रोजचा कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. तिथे डेटा पॅक संपल्यावर मेन बॅलन्समधून पैसे कापले जाऊ शकतात, आणि ते पटकन लक्षात येत नाही.

म्हणून जीबीचा दर सोडा. आपला वापर ठरवा, समजा १२ जीबी आणि ३०० मिनिटं, आणि तेवढ्याचा दिवसाचा खर्च काढा. वर्षाचा हिशेब असेल तर १२ ने गुणू नका. २८ दिवसांचे १३ रिचार्ज लागतात: ₹३,८८७, ₹३,५८८ नव्हे.

खर्चवही: कळलं. मग भारतीय सिमच रोमिंगवर चालवलं तर?

रेंजवाला: सहा महिने? परवडणार नाही. नेपाळ आंतरराष्ट्रीय रोमिंगमध्येच मोडतं. भारतीय नंबर फक्त बँकेच्या ओटीपीसाठी जिवंत ठेवा. दूरसंचार नियामक ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशानंतर कंपन्यांना डेटा नसलेले, फक्त कॉल-एसएमएसचे पॅक द्यावे लागतात; त्यातला लांब मुदतीचा घ्या. निघण्याआधीच आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करा आणि डेटा रोमिंग बंद. सीमेवरच्या रक्सौल किंवा सोनौलीला नेटवर्क ‘मॅन्युअल’वर ठेवा, नाहीतर नदी-नाका ओलांडायच्या आधीच पलीकडचा टॉवर पकडतो.

फोन तिथे कायमचा ठेवणार किंवा कुणाला देणार असाल तर एमडीएमएस या नेपाळच्या फोन-नोंदणी यंत्रणेत आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, नोंदवावा लागतो. तो बघायला *#०६# दाबा. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, नोंद दोन्हींची हवी. एकच नोंदवला तर दुसरा स्लॉट अडचणीत येऊ शकतो.

सीमाबाजार: किराण्याचं सांगतो. भाव विचारलात की प्रतिप्रश्न करा: ‘आयसी की एनसी?’ आयसी म्हणजे भारतीय रुपये, एनसी नेपाळी. न विचारता टिपलेल्या आकड्यांत दोन्ही मिसळतात, आणि मग तुमच्यासारखं कधी स्वस्त, कधी दीडपट.

भारतातून गेलेल्या बिस्किट-साबणाच्या पुड्यावर छापील एमआरपी भारतीय रुपयांत असेल तर दुकानदार १.६ ने गुणून वर वाहतूक आणि भन्सार, म्हणजे जकात, लावतो. म्हणून भारतीय पॅकबंद माल महाग लागतो, तर स्थानिक भाजीपाल्याचं गणित हंगामावर चालतं. दोन्हींची सरासरी काढू नका, तक्त्यात वेगळे रकाने ठेवा. सीमेवरून स्वतः माल नेऊन वाचवू म्हणाल तर शंभर नेपाळी रुपयांवरच्या मालाला भन्सार लागतो हा नियम २०२३ मध्ये कडक झाला. शंभर नेपाळी म्हणजे ₹६२.५०. तेलाची पिशवीही त्यात बसत नाही.

गाडीचा रकाना तर तक्त्यात घेऊच नका. तिथे गाड्यांवर इतका कर आहे की बाकीचे आकडे झाकले जातील.