नामांकित आरोपीचा वकील नेमकं काय करतो?

अजिंक्यतारा (सातारा):
एखादा नट किंवा खेळाडू पकडला गेला की आमच्याकडे एकच वाक्य ऐकू येतं, 'मोठा वकील दिलाय, सुटणार.' पण तो वकील सुरुवातीच्या दिवसांत करतो काय? आणि लोकांचा राग बघून बार असोसिएशनने (वकिलांच्या संघटनेने) 'त्याचं वकीलपत्र घ्यायचं नाही' असा ठराव केला तर?

कृष्णाकाठ (सांगली):
खरं काम पहिल्या रिमांडलाच होतं, म्हणजे पोलिस कोठडी मागायला आरोपीला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतात तेव्हा. अटकेची वेळ आणि मॅजिस्ट्रेटसमोर हजर केल्याची वेळ ताडायची. मधे २४ तासांहून जास्त गेले का? (प्रवासाचा वेळ धरत नाहीत.) अटकेची कारणं आरोपीला कळणाऱ्या भाषेत लेखी दिली का? वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघात प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलंय की उशिरात उशिरा रिमांडच्या दोन तास आधी ती हातात पडलीच पाहिजेत.

मग पोलिस कोठडी. रिमांड अर्जात 'सखोल तपास बाकी' असं मोघम लिहिलेलं असतं. तिथे मुद्द्याला मुद्दा द्यावा लागतो: मोबाइल जप्त आहे, रक्ताचा नमुना तपासणीला गेलाय, मग माणूस कोठडीत कशाला? नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) पोलिस कोठडीचे १५ दिवस सुरुवातीच्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्या-तुकड्यांनीही मागता येतात. म्हणून न्यायालयीन कोठडी (पोलिसांऐवजी तुरुंगात रवानगी) झाली की सुटलो, असं समजू नये.

आणि तारखा मोजत राहायच्या. गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र (तपासानंतर पोलिस कोर्टात देतात ते आरोपांचं पत्र) आलं नाही तर जामीन हा हक्क आहे, पण अर्ज दोषारोपपत्राच्या आधी पडायला हवा. एक दिवस चुकला की हक्क गेला.

मिरजवाला:
सलमान खानचं २००२ च्या गाडी अपघाताचं प्रकरण बघा. अंगरक्षक पोलिसाच्या मूळ फिर्यादीत दारूचा उल्लेख नव्हता, तो नंतरच्या जबाबात आला. २०१५ च्या डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तो साक्षीदार अविश्वसनीय ठरवला आणि निर्दोष सोडलं. फिर्याद आणि पुरवणी जबाब (नंतर घेतलेला जादा जबाब) शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचणं, हीच उलटतपासाची तयारी. अमली पदार्थांच्या प्रकरणात आर्यन खानला (शाहरुखचा मुलगा) २०२१ मध्ये मिळालेल्या जामिनातही मुद्दा साधा होता: त्याच्याजवळ काही सापडलं नाही आणि चॅटमधून कट दिसत नाही.

नाव मोठं असल्याचा तोटाही होतो. अभिनेत्री रिया चक्रवर्तीच्या अमली पदार्थ प्रकरणातल्या जामिनाला सरकारतर्फे 'जरब बसली पाहिजे' असा विरोध झाला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो मानला नाही. प्रसिद्ध माणसाला खास सवलत नाही, तशी खास जबाबदारीही नाही.

वकिलाची मोठी चूक म्हणजे कॅमेऱ्यापुढे बचाव उघड करणं. सरकार पक्ष पुरवणी जबाब घेऊन ती फट बुजवतो.

कृष्णाकाठ (सांगली):
ठरावाचं राहिलं. तो बेकायदेशीर. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू प्रकरणात असे ठराव रद्दबातल म्हटलेत. एखाद्या वकिलाला स्वतःची रास्त अडचण असेल तर तो नकार देऊ शकतो, संघटना बंदी घालू शकत नाही. आरोपी कितीही नकोसा असो, त्याची बाजू मांडायला कुणी उभं राहिलंच पाहिजे.

मात्र वकिलाने साक्षीदार फोडायचा प्रयत्न करायचा नाही. दिल्लीच्या बीएमडब्ल्यू खटल्यात ज्येष्ठ वकील आर. के. आनंद त्याच कारणाने न्यायालयाच्या अवमानाचे दोषी ठरले.

अजिंक्यतारा (सातारा):
आभार. साताऱ्यात सत्र न्यायालयाने जामीन नाकारला तर मुंबई गाठायची का?

मिरजवाला:
आता नाही. ऑगस्ट २०२५ पासून सातारा-सांगलीसाठी उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ) आहे. जाताना सत्र न्यायालयाच्या नामंजुरीच्या आदेशाची प्रत आणि तिथे सरकारी वकिलांनी दिलेला से (जामीन अर्जावरचं लेखी म्हणणं), दोन्ही सोबत ठेवा.