काळ्या अस्तरावर पिवळा बसत नाही, चट्टे पडतात

पहिलाचहात: रंगवायला २८ मिमी उंचीच्या प्लास्टिक फिगर (छोट्या बाहुल्या) आहेत. काळा स्प्रे प्रायमर (रंगाआधीचं अस्तर) मारून त्यावर बाटलीतला ॲक्रिलिक पिवळा लावला. चार हात झाले तरी झगा हिरवट आणि चट्ट्याचट्ट्यांचा दिसतो. पाचव्या हाताला बटणं आणि चुण्या बुजायला लागल्या. लाल त्यामानाने बरा बसतो, पण उजेड दाखवायला पांढरा मिसळला की गुलाबी होतो. रंग बदलू, प्रायमर बदलू की पद्धत?

बारीकटोक: पद्धत बदला, रंग तोच राहू द्या. पिवळ्याची बहुतेक रंगद्रव्यं अर्धपारदर्शक असतात. उजेड रंगातून आरपार जातो, खालच्या थरावर आपटतो आणि परत येतो. खाली काळं असेल तर परत काहीच येत नाही. शिवाय काळा आणि पिवळा मिळून ऑलिव्ह होतो, तुमचा हिरवटपणा तोच. म्हणजे झळाळी वरच्या रंगात नसते, खालच्या थरात असते. वर कितीही हात चढवा, फक्त जाडी वाढते.

जिथे पिवळा हवा तेवढ्याच भागावर आधी हस्तिदंती रंगाचे दोन पातळ हात द्या. त्यात टायटॅनियम पांढरा असल्यामुळे तो चांगला झाकतो. दोन भाग रंगाला एक भाग पाणी पुरतं. ब्रश भरला की एकदा कागदी रुमालावर टेकवा, नाहीतर रंग खाचेत साचतो. दोन हातांमध्ये दहा मिनिटं थांबा. वरून कोरडा वाटला तरी आत ओला असतो, आणि त्यावर ब्रश फिरला की खालचा थर उचलला जाऊन टक्कल पडतं. तुमचे अर्धे चट्टे बहुधा असेच पडले असावेत.

मग पिवळ्याचे दोन हात. तिसरा लागलाच तर फक्त उंचवट्यांवर.

तांबडंफुटलं: वरच्या उत्तरात एक बदल सुचवतो. हस्तिदंतीवर पिवळा लिंबासारखा थंड दिसतो. झगा उबदार हवा असेल तर खाली फिका गुलाबी द्या. ऐकायला विचित्र वाटतं, पण पिवळ्यातून तो झिरपला की सोनेरी झाक येते, आणि एखादी जागा पातळ राहिली तरी ती सावलीसारखी दिसते, डागासारखी नाही. हेच गुलाबी अस्तर लालालाही चालतं.

लाल गुलाबी होतो कारण पांढरा त्याला फक्त फिका करतो, उजळ करत नाही. लालाला उजेड नारिंगीने द्यायचा: आधी लाल, मग लाल-नारिंगी समसमान, शेवटी कडांवर नुसता नारिंगी. अगदी टोकाला त्वचेच्या रंगाचा ठिपका चालेल. सावलीला काळा नको, लालसर तपकिरी घ्या. पिवळ्याच्या सावलीलाही काळा वर्ज्य, तिथे नारिंगीकडे झुकणारा तपकिरी. तो फक्त चुण्यांमध्ये ओढा. वॉश (पाण्यासारखा पातळ सावलीचा रंग) सगळीकडे फासलात तर सपाट भागावर वाळताना कडेला रेघ उमटते आणि उजळपणाही जातो.

निळ्याला मात्र पांढरा बिनधास्त मिसळा.

पहिलाचहात: दहा फिगरना काळा प्रायमर मारून झालाय. सगळा काढावा लागेल का?

बारीकटोक: मुळीच नाही. काळ्यावर थेट हस्तिदंती दिला तर तीन-चार हात लागतील, म्हणून मध्ये मध्यम राखाडीचा एक हात द्या. स्प्रे असेल तर राखाडी वरून, साधारण ४५ अंशांत, २० ते २५ सेंटीमीटरवरून मारा. खाचांमध्ये काळा राहतो, सावल्या आपोआप तयार. फार लांबून मारू नका. थेंब हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. पांढऱ्या स्प्रेत हा दोष सगळ्यात उठून दिसतो.

गुलाबी अस्तराचं पटलं. पण झग्याशेजारी पांढरा पट्टा असेल तर हस्तिदंतीच बरा, कारण कडेला गुलाबी डोकावला की लपवता येत नाही.

शेवटचाथर: वार्निशचा विषय राहिला. खूप मेहनतीने आणलेला रंग इथेच मरतो. मॅट वार्निश उजेड विखुरतो, त्यामुळे रंग धुरकट दिसतात. त्यातलं मॅट करणारं द्रव्य तळाशी बसतं, म्हणून बाटली नीट हलवल्याशिवाय वापरू नका. झळाळी हवी तर सॅटिन (अर्धचकचकीत) वापरा. दमट हवेत स्प्रे मारला तर पांढरं धुकं धरतं. तसं झालंच तर वर ग्लॉसचा एक पातळ हात द्या, बऱ्याचदा ते निवळतं.

फ्लुरोसंट रंग वापरणार असाल तर ते शुद्ध पांढऱ्यावरच आणि अगदी शेवटी. त्यांना झाकण्याची ताकद जवळजवळ नसते, आणि थेट उन्हात ते लवकर विटतात.

खऱ्या कॅडमियम पिवळ्याचाही मोह होईल, तो चांगला झाकतो. पण तो एअरब्रशने उडवू नका, वाळल्यावर सँडपेपरने घासू नका आणि ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची सवय असेल तर ती आधी सोडा. कॅडमियम विषारी आहे.

पहिलाचहात: एका फिगरवर गुलाबी, एकीवर हस्तिदंती करून बघतो. पिवळा आणि लाल एकमेकांना चिकटून आहेत, आधी कुठला?

तांबडंफुटलं: पिवळा. लाल चुकून पिवळ्यावर गेला तर तेवढ्याच जागी हस्तिदंती लावून दुरुस्त करता येतो, पण लालाच्या कडेने नेमका पिवळा भरणं जास्त कठीण. दोन्ही वाळले की सांध्यात गडद तपकिरी रेघ ओढा, पाण्याने अर्धी पातळ केलेली. दोन्ही रंग लगेच उठतील.