जपानमधील मैत्रिणीच्या लग्नाचा आहेर : मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या जपानी मैत्रिणीचे लग्न नोव्हेंबरात क्योतोला असून मी सोलापूरहून एकटीच जाणार आहे. तिथे मित्रमंडळी साधारणतः ३०,००० येन, म्हणजे दहा हजारांच्या तीन कोऱ्या नोटा, सजवलेल्या पाकिटातून देतात आणि नोटांचा समसमान दुभंगणारा आकडा अशुभ म्हणून टाळतात, एवढे ठाऊक आहे (आपल्या ५०१ रुपयांचाच भाऊबंद म्हणायचा). पाकिटासोबत मयूरपंखी नक्षीची सोलापुरी चादर समारंभातच द्यावी, की एवढे अवजड गाठोडे सभागृहात नेण्याऐवजी आधीच तिच्या घरी पोचवावे? शिवाय पांढरा रंग वधूचा मानला जात असल्याने मी डाळिंबी इरकल निवडली आहे. तिच्या पदरावरचे पांढरे पट्टे खटकतील का? तिथल्या लग्नाला गेलेल्यांनी कृपया सांगावे.