तबला समेवर येतच नाही, चूक कोणाची?

चरईची पेटीवाली
ठाण्यात चरईला राहते. निवृत्त झाल्यापासून स्वतःच्या कवितांना चाली लावायचं वेड लागलंय. पेटी माझी, तबलजी ऐरोलीचे, गाणारी मावसबहीण खारघरला. तिघांनी एकत्र बसायचं तर तीन रविवार आधी ठरवावं लागतं, म्हणून ज्याने त्याने घरीच रेकॉर्ड करायचं ठरलं.

मी रात्री अकरानंतर पंखा बंद करून, खिडकीला गोधडी लावून कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पेटी रेकॉर्ड करते. तबलजी फोनमधल्या ॲपवर ती ऐकत वाजवतात आणि नुसता तबला पाठवतात. दोन्ही ट्रॅक शून्यापासून लावले की तबला मागे! साधा केहरवा ताल, मिनिटाला 160 मात्रा, आणि सम (आवर्तनाची पहिली मात्रा) अर्धी मात्रा उशिरा पडते. ते म्हणतात, "तुमची पेटी पळते." तीस वर्षं तबला वाजवणाऱ्या माणसाला मी काय बोलणार? बोलणं जरा कमीच झालंय सध्या.

वाशीकर
ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) घ्या. फोनवर असंच होणार.

घणसोली नाका
इतक्यात पैसे घालवू नका ताई. आधी सांगा, तबला सुरुवातीपासून तेवढाच मागे आहे की मागे पडत जातो? आणि तबलजी ऐकतात कशावर?

चरईची पेटीवाली
शेवटपर्यंत तेवढाच मागे. कानात मुलाने दिलेले बिनवायरचे इयरफोन.

घणसोली नाका
सापडलं. ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत यायला दीडदोनशे मिलिसेकंद सहज जातात. तुमच्या लयीत एक मात्रा 375 मिलिसेकंदांची, म्हणजे अर्धी मात्रा तिथेच गेली. तबलजी बिचारे त्यांना ऐकू येतंय त्याला अगदी बरोबर वाजवतायत. वायरचे इयरफोन द्या. शिवाय पेटी सुरू व्हायच्या आधी तुम्ही लयीत चार टाळ्या वाजवा, तबलजींनी त्या टाळ्यांबरोबर टाळ्या द्यायच्या. ऑडॅसिटीत टाळीचा उभा सुळका लगेच दिसतो. सुळक्यावर सुळका बसेपर्यंत तबल्याचा ट्रॅक सरकवायचा. आणि फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवायची.

मुलुंडचा टेकू
मागे पडत गेला असता तर सॅम्पल रेटची, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घेतले त्याची, 44.1 आणि 48 ची भानगड तपासायला सांगितली असती. 48 किलोहर्ट्झची फाइल 44.1 ची समजून वाजली की 4 मिनिटांचं गाणं 4 मिनिटं 21 सेकंदांचं होतं आणि काळी एकच्या पट्टीतलं गाणं पांढरी एकच्याही खाली उतरतं.

चरईची पेटीवाली
अगं बाई! खारघरची फाइल अशीच यायची. मी तिला म्हटलं होतं, वयाने पट्टी उतरली तुझी. ट्रॅकच्या मेनूत रेट 48000 केला, आवाज जागेवर. आता तिची माफी मागायला लोकलने जावं लागणार, फोनवर ती ऐकून घेणार नाही.

चरईची पेटीवाली (आठवड्यानंतर)
वायरचे इयरफोन मीच ऐरोलीला नेऊन दिले. चहा झाला. टाळ्या जुळवल्या आणि पहिल्याच आवर्तनात सम समेवर! मग हौसेने मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) लावून नुसती माझी पेटी ऐकली. दुसऱ्या अंतऱ्यात चांगलीच पळते. तबलजींना अजून सांगितलेलं नाही.