ऑरोव्हिलमधील घर मुलांना मिळते का?

प्रश्न : निवृत्तीनंतर पुद्दुचेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये सामूहिक, साध्या राहणीने राहावे, असे आम्हा उभयतांना मनापासून वाटते, परंतु तिथे बांधलेले घर पुढे मुलांकडे जाते का?

उत्तर १ : नाही, ताई. १९८८च्या कायद्यानुसार ही मालमत्ता ऑरोव्हिल प्रतिष्ठानची असते. रहिवाशाला केवळ वापर मिळतो, आणि माझ्या मते सामूहिक जीवनाचा खरा कस इथेच लागतो.

उत्तर २ : १९६८ मध्ये जिथे लाल मातीचे उजाड पठार होते, तिथे रहिवाशांनी बांध घालून, पाणी जिरवून जंगल उभे केले. सामूहिक स्वयंपाकघराच्या छतावर उन्हाने वाफ तयार करणारा, १५ मीटर व्यासाचा सौर वाडगा आहे. आधी स्वयंसेवक म्हणून काही महिने राहून पाहा.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. मालकीविषयी मुलांशी आधी बोलते.