मदत हवी आहे: आईवडिलांना घेऊन हालश्टाटला (ऑस्ट्रिया) दोन रात्री

नमस्कार.

येत्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आईवडिलांसह ऑस्ट्रियाला जाण्याचे ठरले असून, साल्झबुर्गनंतरच्या दोन रात्री हालश्टाटसाठी राखून ठेवल्या आहेत. वडील 74 वर्षांचे आहेत आणि चालण्यात मला मागे टाकतात. आई 70 वर्षांची असून गेल्या वर्षी तिच्या एका गुडघ्याचे सांधेरोपण झाले आहे. सपाट रस्त्यावर ती तासभर सहज चालते, मात्र पायऱ्या उतरणे तिला जड जाते. माझे बहुतेक प्रश्न त्यातूनच आले आहेत.

जेमतेम साडेसातशे वस्तीच्या या गावात हंगामात एका दिवशी दहा हजारांपर्यंत पर्यटक येतात, त्यामुळे ‘फोटो काढा आणि निघा’ असा सल्ला मला अनेकांनी दिला. आम्हाला मात्र तळ्याकाठच्या त्या सुप्रसिद्ध दृश्यापेक्षा तिथल्या मिठाचे आकर्षण अधिक आहे. वडिलांचे बालपण उरणच्या मिठागरांशेजारी गेले. समुद्राचे पाणी उन्हात आटवून मीठ करणे त्यांनी रोज पाहिले आहे, आणि डोंगराच्या पोटातून मीठ काढणारे गाव पाहायचे हा त्यांचा जुना हट्ट आहे. सुमारे सात हजार वर्षांपासून तिथे मीठ काढले जाते. खाणीवरचे अधिकारी योहान गेओर्ग रामझाउअर यांनी 1846 ते 1863 या काळात तिथली दफनभूमी खणून हजाराच्या जवळपास कबरी उजेडात आणल्या, आणि युरोपातील लोहयुगाच्या पूर्वार्धाला पुढे या गावाचेच नाव मिळाले. कबरींमध्ये दूरदेशांतून आलेले अंबर (जीवाश्म झालेली राळ) आणि हस्तिदंतही सापडले, यावरून त्या मिठाला काय मोल असेल याची कल्पना येते.

आता अडचण अशी की फनिक्युलर रेल्वेने (डोंगराच्या उतारावर दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या गाडीने) वर गेल्यावरही खाणीच्या तोंडापर्यंत चढाची वाट आहे (ती त्या दफनभूमीतूनच जाते, म्हणून वडील खूश आहेत), आणि आत एका पातळीवरून खालच्या पातळीवर जाण्यासाठी खाणकामगारांच्या लाकडी घसरगुंड्या वापरतात. घसरगुंडी नको असल्यास शेजारी पायऱ्या आहेत, असे वाचले. पण आईला नेमके तेच नको आहे. सांधेरोपण झालेल्या कोणाला घेऊन आपण आत गेला असाल, तर एकूण किती पायऱ्या उतराव्या लागल्या आणि मध्येच परत फिरण्याची सोय होती का, हे कृपया सांगावे. आई खाली थांबण्यास तयार आहे, परंतु इ.स.पू. चौदाव्या शतकातील लाकडी जिना मिठामुळे शाबूत राहिला, तो याच खाणीत पाहायला मिळतो, आणि तो तिने पाहावा असे मला मनापासून वाटते.

दुसरा प्रश्न मुक्कामाचा. रेल्वे स्थानक तळ्याच्या पलीकडच्या काठावर असल्याने उतरल्यावर बोटीने गावात यावे लागते, आणि उशिरा येणाऱ्या गाडीला बोट मिळत नाही. अशा वेळी पुढच्या ओबरट्राउन स्थानकावर उतरून तिथेच राहणे सोयीचे ठरेल का? तिथले रस्ते सपाट आहेत आणि दरही कमी दिसतात. पण पर्यटकांच्या बसगाड्या गेल्यानंतरची संध्याकाळ आणि त्या यायच्या आधीची सकाळ हीच तर हालश्टाटमध्ये राहण्याची खरी गंमत, ती हातची जाईल अशी भीती वाटते. गावातच राहायचे तर बाजारचौकाजवळ, बोटीच्या धक्क्यापासून पायऱ्या न चढता पोहोचता येईल अशी जागा कोणाला माहीत आहे का?

कॅथलिक चर्चशेजारच्या अस्थिगृहाबद्दलही विचारायचे आहे. दफनासाठी जागा अपुरी असल्याने जुन्या कबरी उघडून तिथल्या कवट्यांवर नावे आणि फुलापानांची नक्षी रंगवत असत, आणि अशा सहाशेहून अधिक रंगवलेल्या कवट्या तिथे आहेत. आईला ते पाहवेल का, हे मीच तिला विचारीन. मला चर्चपर्यंतचा चढ किती आहे एवढे कळले तरी पुरे.

शेवटी, खाणीतील आणि कबरींतील पुष्कळ वस्तू व्हिएन्नाच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहेत. आमचे परतीचे विमान व्हिएन्नाहूनच आहे, त्यामुळे ते संग्रहालय साहजिकच शेवटी येते. पण ते आधी पाहिले तर खाण अधिक चांगली कळेल, असे कोणाचे मत असल्यास मार्ग उलटा करता येईल, कारण तिकिटे अजून काढलेली नाहीत.