बंद घरातली तांब्याची भांडी चोरीला गेली आहेत. मोडीत विकली जाण्याआधी काय करता येईल?

वेळणेश्वरची लेक

नमस्कार. कालपासून डोकं जागेवर नाही, लिहिताना मागेपुढे झालं तर समजून घ्या.

आमचं घर गुहागर तालुक्यात, वेळणेश्वरच्या अलीकडच्या एका वाडीत आहे. मी डोंबिवलीला असते. मोठे काका गेल्यापासून घर बंदच. मे महिना, गणपती आणि शिमगा, एवढंच उघडतं. गणपतीआधी साफसफाई करावी म्हणून काल आले. पुढच्या दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं. आत गेले तर माजघरात उजेड. परसाकडच्या दाराचा कोयंडा पहारीने उचकटलेला आणि दार नुसतं लोटून ठेवलेलं.

टीव्ही आहे, गॅसची शेगडी आहे, फळीवरची स्टीलची भांडी एकसुद्धा हललेली नाही. गेलं ते फक्त तांबं-पितळ. दोन हंडे, घागर, घंगाळ, पितळेची मोठी परात, दोन समया आणि न्हाणीतला बंब. बंबाच्या आतली लोखंडी जाळी काढून कोपऱ्यात ठेवली आहे, तिवई जागेवरच आहे. जिथे बंब असायचा तिथे भिंतीवर काजळीचा अर्धगोल तेवढा राहिलाय. विहिरीवरची मोटरही फोडली. आतली तांब्याची तार ओढून नेली आणि बिडाचं कवच पायरीवर टाकून दिलं. ज्याने केलं त्याला कशाचे पैसे येतात ते नीट ठाऊक होतं.

चुलतभाऊ शेजारच्याच घरात राहतो. दर रविवारी तो आमच्या ओटीवर दिवा लावतो आणि मागे एक फेरी मारतो. गेल्या रविवारी दार धड होतं असं तो शपथेवर सांगतो. म्हणजे रविवार ते गुरुवार या चार दिवसांत झालं. आवाज कसा आला नाही, असं प्रत्येक जण त्याला विचारतोय आणि तो बिचारा खाली मान घालून बसलाय. कोसळता पाऊस आणि वर पत्रा असेल तर शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येत नाही, हे इथे राहिलेल्यालाच कळेल. शिवाय याच दिवसांत त्याचंही नुकसान झालंय. वाडीत उतरायला पाखाडीच आहे, नुसती पायऱ्यांची वाट, म्हणून तो आपली मारुती इको गाडी वर रस्त्याला लावतो. मंगळवारी सकाळी गाडी चालू केली तर ट्रॅक्टरसारखा आवाज. खाली वाकून पाहिलं तर सायलेन्सर नाही. तो शाळेची मुलं नेतो, अडीनडीला रात्री पेशंट घेऊन जातो. चार दिवस गाडी उभी आहे.

आता विचारायचं ते असं. वाडीतले जाणते म्हणतात, जुनी मोड ती, बिल नाही काही नाही, पोलीस हसतील. माझ्याकडे खरंच कागद नाही. पण आजीच्या लग्नातल्या भांड्यांवर नाव आहे. ठोक्याठोक्याने काढलेली अक्षरं, बोट फिरवलं की खरखरीत लागायची. 'ग. वी. शके १८७१'. आजोबांचं आडनाव 'वि'ने सुरू होतं, ऱ्हस्व. पण तांबटाने सगळ्या भांड्यांवर दीर्घ 'वी' काढला, आणि लहानपणी आम्ही शुद्धलेखन शिकलो ते त्या चुकीवर बोट ठेवून. बंबाच्या तोटीशेजारी, पूर्वी गळायचा तिथे, रुपयाएवढा झाळकामाचा डागही दिलेला आहे.

एवढ्यावर तक्रार घेतात का? भावाच्या सायलेन्सरची तक्रार वेगळी द्यायची की एकच? आणि भांडी वितळायच्या आत माझ्या हातात किती दिवस आहेत? किलोला किती आले असते ते मला कोणी सांगू नका. मला ती भांडी हवी आहेत.

---

वकीलकाका, रत्नागिरी

ताई, पहिली गोष्ट, साफसफाई थांबवा. परसाकडच्या दाराला आणि मोटरच्या कवचाला कोणी हात लावू नका. पोलीस पाटलांना बोलावून दाखवा आणि आजच पोलीस ठाण्यात जा. पंचनामा जागा पुसण्याआधी झाला तरच त्याला अर्थ असतो.

जुनी मोड म्हणून कोणी हसणार नाही, आणि हसलं तरी कायदा तुमच्या बाजूने आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. राहत्या घरातून चोरी झाली तर कलम ३०५, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. घर बंद होतं म्हणून ते राहतं घर नाही असं होत नाही. दार फोडून आत शिरले म्हणून घरफोडीचं कलम ३३१ त्यासोबत लागतं. चोरीसाठी रात्री घर फोडलं असेल तर ही शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाते. हे गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करता येतो, मग वस्तूची किंमत काहीही असो.

भावाचं प्रकरण थोडं वेगळं आहे. रस्त्यावरच्या गाडीचा भाग गेला की बहुतेक वेळा कलम ३०३ लावतात. त्यात चोरीचा माल ५ हजारांपेक्षा कमी किमतीचा असेल तर नव्या कायद्यात तो अदखलपात्र ठरतो आणि तपास तिथेच रेंगाळतो. इकोचा अख्खा सायलेन्सर त्याच्या कितीतरी वर जातो, पण ते तोंडी सांगू नका. गॅरेजमधून नवीन सायलेन्सरचं लेखी कोटेशन घ्या आणि तक्रारीला जोडा. फिर्याद भावाने स्वतःच्या नावाने द्यावी, तुम्ही तुमची द्या. मात्र दोन्हींत एकमेकांचा उल्लेख हवा, म्हणजे तपास अधिकाऱ्याला दोन घटना जोडता येतील.

ऑनलाइन माहिती दिलीत तर ३ दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. नोंदलेल्या एफआयआरची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळते, मागून घ्या. ठाण्यात घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते, टपालाने सुद्धा.

बिल नसलं तरी चालतं. ते 'वी' आणि तो डाग फिर्यादीत शब्दशः लिहायला लावा. 'जुनी तांब्याची भांडी, अंदाजे अमुक किलो' असं मोघम लिहून घेऊ देऊ नका. पुढे माल सापडला तर न्यायालयात अर्ज करून तो सुपुर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळायच्या लेखी हमीवर, मिळतो. अट एवढीच असते की खटला संपेपर्यंत तो विकायचा नाही आणि त्याचं रूप बदलायचं नाही. कल्हई करायची तरी आधी विचारा.

---

दुकान चिपळुणात

माझा भंगाराचाच धंदा आहे, २२ वर्षं. त्यामुळे खरं सांगतो, वाईट वाटलं तरी.

तांबं दुकानात पडून राहत नाही. मे २०२४ मध्ये लंडनच्या बाजारात तांब्याने टनाला ११ हजार डॉलर ओलांडले, तेव्हापासून तर छोटा दुकानदारही आठवड्याची वाट बघत नाही, गाडी भरली की माल घाटावर किंवा मुंबईला पाठवतो. भट्टीत गेलं की संपलं. चोर अख्खा बंब घेऊन कोणाच्या दारात जात नाही. आधी ठेचून चपटा करतो, एक तर गोणीत मावावा म्हणून आणि दुसरं ओळखू येऊ नये म्हणून. पण ताई, ठेचलेल्या पत्र्यावरही ठोक्यांची अक्षरं राहतात. सरळ केला की वाचता येतात. माझ्याकडे असे पत्रे आलेत. ज्याला पावती नको, नाव सांगायचं नाही, त्याला मी परत लावतो. सगळे लावत नाहीत हे मलाही माहीत आहे. चोरीचा माल आहे हे कळत असून घेतला तर कलम ३१७ आहे, आम्हाला ३ वर्षं होऊ शकतात.

तुम्ही असं करा. त्या नावाचा आणि डागाचा मजकूर एका कागदावर लिहा, फोटो असेल तर उत्तमच. पोलिसांना सांगून तो गुहागर, शृंगारतळी, चिपळूण आणि खेड इथल्या दुकानांत पोचवा. जुलै २०२१ च्या पुरानंतर इथे इतकं भंगार निघालं की बाहेरचे पुष्कळ लोक या धंद्यात आले, म्हणून ओळखीवर विसंबू नका, प्रत्येक दुकानात कागद गेला पाहिजे. दोन-तीन दिवस आहेत तुमच्याकडे, आठवडा नाही.

---

चाकरमानी ठाणे

आमच्या वाडीत सायकलवरून फिरणाऱ्या भंगारवाल्यांना आता बंदी केली आहे. बोर्डच लावला. तुम्हीही तेच करा. हेच लोक दिवसा घरं हेरतात.

---

हर्णैचा

बंदी करून काय होणार नाही भाऊ. आमच्याकडे १ जूनला मासेमारी बंद झाली की ३१ जुलैपर्यंत होड्या शाकारून वर घेतलेल्या असतात. त्या दोन महिन्यांत होडीचा पितळी पंखा जातो, बॅटऱ्या जातात, जाळ्याचं शिसं सुद्धा कापून नेतात. नेणारा तो असतो ज्याला माहीत आहे की कुठल्या होडीवर कोण झोपत नाही. सायकलवाल्याला ते कुठून कळणार? एकदा आमच्या इथे पंखा गेला तेव्हा पोरांनी असाच एक फिरता म्हातारा धरला, मारला. पंखा नंतर मिळाला दुसऱ्याच माणसाकडे, आपल्याच बंदरातल्या. त्या म्हाताऱ्याचा सुजलेला डोळा मला अजून दिसतो.

आम्ही आता पंख्याच्या प्रत्येक पात्यावर होडीचा नंबर छिन्नीने मारून घेतो आणि पावसाळ्यात पंखा काढून घरी नेतो. ताईंनीही जी भांडी उरली असतील ती एका राहत्या घरात नेऊन ठेवावीत.

---

गॅरेजवाला, गुहागर रोड

इकोच्या भावासाठी. त्या सायलेन्सरच्या लोखंडाला काही किंमत नाही. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियमचा पातळ थर असतो. धूर स्वच्छ करायचं काम तोच करतो. चोर जाळी फोडून तिची पूड विकतात. इको उंच असते, जॅक न लावता माणूस खाली सरकतो आणि चार नट सोडून मोकळा होतो. म्हणून याच गाडीचे जास्त जातात.

काही जण स्वस्तात नुसता पाइप बसवून देतील. तो बसवू नका. पीयूसी होणार नाही, आणि मुलांची गाडी आहे, धूर आत येईल. विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर भरपाई नाही. स्वतःच्या गाडीचं नुकसान धरलेला असेल तर एफआयआरची प्रत जोडून लगेच कळवा. नवीन बसवला की नटांना वेल्डिंगचा एकेक टाका मारून घ्या, खालून लोखंडी पट्टी लावा आणि सायलेन्सरवर गाडीचा नंबर कोरा. टाका मारला म्हणजे निघतच नाही असं नाही, पण वेळ लागतो, आवाज होतो.

---

वेळणेश्वरची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी दोन्ही फिर्यादी दिल्या. ठाण्यात कोणी हसलं नाही. लिहून घेणाऱ्या ताईंनी 'दीर्घ वी' हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि तसंच लिहिलं. आज पंचनामा झाला. मोटरच्या कवचाजवळ पान्याचा एक तुकडा सापडला, तो त्यांनी नेला. भावाने गॅरेजचं कोटेशन जोडलं आहे. विमा पूर्ण आहे, तेवढा दिलासा.

ठाणेकर दादा, बोर्ड आम्ही लावणार नाही. आमच्या घरात शिरलेल्याला बंब न्हाणीत आहे आणि दार मागचं फोडायचं आहे, हे आधीच ठाऊक होतं. परसात उभं राहून मी हे नीट पाहिलंय. हर्णैच्या भाऊंनी लिहिलंय ते वाचून भावाला सांगितलं, वाडीत कोणावर संशय असला तरी नाव फक्त पोलिसांकडे घ्यायचं, चव्हाट्यावर नाही.

चिपळूणच्या दादांनी सांगितलं तसा कागद केला. फोटो माझ्याकडे नव्हता. रात्री अकराला सगळ्या नातेवाइकांना मेसेज केले आणि आत्याने पहाटे एक पाठवला. २०११ सालच्या सत्यनारायणाचा आहे. प्रसादाच्या पातेल्यामागे अर्धं घंगाळ दिसतंय, कडी आणि काठाचा पोचा स्पष्ट आहे. अक्षरं नाहीत. पण आत्या म्हणाली, लग्नात तिला आजीने त्याच भांड्यांतला एक तांब्या दिला होता, कल्याणला तिच्या देवघरात आहे. त्याच तांबटाच्या हातचा. तिने चष्मा लावून वाचून दाखवलं, 'ग. वी.'. तिथेही दीर्घच.

तपास अधिकाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, घेऊन या, एखाद्या दुकानात ठेचलेला पत्रा मिळाला तर अक्षराला अक्षर लावून बघता येईल. आत्याचा मुलगा आज रात्रीच्या गाडीने तांब्या घेऊन निघतोय. सकाळी गुहागर स्टँडवर मी त्याला घ्यायला जाते आणि तिथून थेट ठाण्यात.